पूर्ण भुलेखाली मुलांच्या दातांचे उपचार: ठाणे-नवी मुंबईतली सेवा

आपल्याकडे ही सेवा बहुतेक दोन प्रकारे मिळते. मुलांच्या दातांचे डॉक्टर हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर घेतात, किंवा भूलतज्ज्ञ क्लिनिकमध्ये येतात. आमची पसंती हॉस्पिटलला. क्लिनिकमध्ये कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र), जादा ऑक्सिजन आणि मूल शुद्धीवर येताना फक्त त्याच्याकडे बघणारी नर्स असेल, तरच तिथे होकार द्यावा. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथल्या डेंटल कॉलेजांच्या बालदंत विभागांतही चौकशी करावी.

डॉक्टर चांगले की नाही, हे त्यांच्या प्लॅनवरून कळतं. पुन्हा भूल द्यावी लागू नये, असं काम हवं. दुधाच्या दाढेला दोन-तीन बाजूंनी कीड असेल तर नुसतं फिलिंग निखळतं. तिथे स्टीलची कॅपच हवी. पुढच्या दातांना झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप छान दिसते, पण दात जास्त घासावा लागतो आणि हिरडीतून रक्त येत असेल तर ती नीट चिकटत नाही. मागची दुधाची दाढ काढली आणि जागा राखणारी पट्टी बसवली नाही, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते.

खर्चावरून वाद होतात ते एक्स-रेमुळे. रडणाऱ्या मुलाचा एक्स-रे आधी निघत नाही, तो मूल भुलेत झोपल्यावर काढतात आणि तेव्हा दोन कॅपच्या चार होतात. म्हणून कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा लेखी घ्यावा.

उपाशी ठेवण्यात तडजोड नाही: हलकं खाणं आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास. रडतंय म्हणून आजीने दिलेलं अर्धं बिस्किटसुद्धा भुलेत उलटी होऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. सकाळची पहिली वेळ मागा. घोडबंदर रोडच्या कोंडीत उपाशी मुलाचे फार हाल होतात. सर्दी-खोकला, ताप असेल तर तारीख पुढे ढकलणारा भूलतज्ज्ञ योग्यच करतो, कारण अशा वेळी श्वासनलिका आवळण्याचा धोका वाढतो. मूल घोरत असेल तर तेही आधी सांगा. तोंड मोकळं राहावं म्हणून श्वासाची नळी नाकातून घालतात आणि वाढलेल्या अॅडेनॉइडमुळे (नाकामागच्या गाठीमुळे) रक्त येऊ शकतं. रक्त-पाणी खाली जाऊ नये म्हणून घशात ठेवलेला गॉज (जाळीदार कापड) शेवटी काढल्याची नोंद होते का, हे विचारायला संकोच करू नका.

जागं होताना काही मुलं अर्धा तास भ्रमिष्टासारखी रडतात, आईलाही ओळखत नाहीत. सेव्होफ्लुरेन या भुलेच्या वायूने हे बऱ्याचदा होतं आणि आपोआप ओसरतं. आईबाबांना हे आधी कुणी सांगत नाही, ही मोठी उणीव.

दुसरी उणीव नंतरच्या तपासणीची. रात्रीची बाटली चालू राहिली तर कॅप नसलेले दात पुन्हा किडतात. दर 3 महिन्यांनी फ्लोराइड वार्निशची (कीड रोखणाऱ्या लेपाची) तारीख डिस्चार्जच्या कागदावरच लिहून घ्या.