हेकाटिअस की हेलानिकस, आधी कोणाला वाचायचं?

हेरोडोटस वाचून झाला की त्याच्या आगेमागेचे हरवलेले ग्रीक इतिहासकार खुणावायला लागतात आणि मग बहुतेक जण या दोघांत अडकतात. दोघांचंही एकसुद्धा पुस्तक अख्खं उरलेलं नाही, नंतरच्या लोकांनी घेतलेले उतारे तेवढे आहेत.

हेकाटिअस मिलेटसचा (आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं ग्रीक शहर), इ.स.पू. ५००च्या आसपासचा. उतारे ३००च्या वर आहेत पण आकड्यावर भाळू नका, त्यातले ढीगभर म्हणजे 'अमुक शहर, तमुक लोकांचं' एवढंच, कारण ते गावांच्या नावांच्या एका बायझंटाईन कोशातून आलेत (आपल्या गांधारचे लोक त्यात आहेत, ते मात्र बघाच). पण माणूस म्हणून एकदम भारी! सुरुवातीलाच सांगतो की मला खरं वाटतं ते मी लिहितोय, ग्रीकांच्या कथा खूप आहेत आणि हास्यास्पद आहेत. पाताळाच्या दारातला तो भयंकर कुत्रा म्हणजे त्याच्या मते एक विषारी साप. आणि इ.स.पू. ४९९ला आयोनियन लोक (त्याच किनाऱ्यावरचे ग्रीक) पर्शियाविरुद्ध उठायला निघाले तेव्हा ह्याने पर्शियाचा सम्राट दरायस याच्या ताब्यातल्या लोकांची यादी वाचून दाखवली, म्हणाला नका पडू यात, आणि पडणारच असाल तर देवळातला खजिना काढून आरमार उभं करा. दोन्ही ऐकलं नाही कोणी, ४९४ला मिलेटस पडलं.

हेलानिकस लेस्बोस बेटावरचा, नंतरच्या पिढीतला. आयुष्याबद्दल हाताला फारसं काही लागत नाही. पुस्तकं मात्र ट्रॉय, पर्शिया, अथेन्स, काय वाट्टेल त्यावर. त्याची खरी कमाल म्हणजे आर्गोस या ग्रीक शहरातल्या हेरा देवीच्या देवळातल्या पुजारणींच्या कारकिर्दींवर त्याने सगळ्या घटनांची कालगणना बसवली. अथेन्सचा इतिहासकार थुसिडिडीस म्हणतो ह्याचं अथेन्सबद्दलचं लिखाण त्रोटक आणि तारखांना ढिलं, आणि स्वतः अथेन्स-स्पार्टा युद्धाची सुरुवात सांगताना तिथल्याच पुजारणीच्या कारकिर्दीचं ४८वं वर्ष देतो, आता बोला.

माझं मत, हेकाटिअस आधी, पण उताऱ्यांतून नको, हेरोडोटसच्या दुसऱ्या आणि पाचव्या भागात तो जिवंत भेटतो तिथून. तारखा, वंशावळी असल्या भानगडी आवडत असतील तरच थेट हेलानिकस. उतारे याकोबी या जर्मन अभ्यासकाच्या संग्रहात आहेत, पहिला खंड १९२३चा, हेकाटिअस १ नंबरला आणि हेलानिकस ४, फक्त टीपा जर्मनमध्ये आहेत तेवढी तयारी ठेवा.