फोटो दाखवायचे कुठे? ग्रूप, अल्बम, प्रिंट की प्रोजेक्टर: गोव्यातल्या हौशी छायाचित्रकारांसाठी तुलना

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवा: दाद हवी आहे की दुरुस्ती?

दाद हवी असेल तर फार डोकं खाजवायचं कारण नाही. फोटो कुठेही टाका, चार अंगठे आणि दोन 'एक नंबर' येतातच. दुरुस्ती हवी असेल तर मात्र फोटो कुठे दाखवता याला महत्त्व येतं. फोटो लहान दिसत असेल, बघणारा घाईत असेल आणि वर शंभर जण ऐकत असतील, तर चांगला जाणकार मित्रसुद्धा 'मस्त रे' लिहून पुढे जातो. त्यात त्याचा दोष नाही.

तुलनेसाठी एकच फोटो सगळीकडे फिरवू. पेडण्यातल्या आगरवाड्याचं मिठागर, मार्च महिना, सकाळचे साडेसात. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फाइल ६००० × ४००० पिक्सेलची. पुढे ओल्या मिठाचे ढीग, मध्ये मीठ ओढणारा माणूस, मागे खारफुटीची काळी रेघ. फोटोत तीन दोष आहेत. क्षितिज एका अंशाने कललंय. ढिगाच्या उन्हाकडच्या बाजूला मिठाचे कण दिसतच नाहीत, नुसता पांढरा ठिपका उरलाय. आणि माणसाचं काळं डोकं मागच्या काळ्या खारफुटीत बुडालंय. कोणत्या ठिकाणी यातलं काय पकडलं जातं, ते बघू.

व्हॉट्सॲप ग्रूप

सोय याच्याइतकी कशातच नाही. सगळे आधीपासून तिथेच असतात, नवीन काही शिकावं लागत नाही. पण साध्या दर्जात पाठवलेला फोटो पिक्सेलने लहान होतो आणि वर जेपेग फाइल पुन्हा दाबली (कॉम्प्रेस केली) जाते. 'एचडी' निवडलं तर जास्त पिक्सेल उरतात, दाबणं टळत नाही. आपल्या मिठागराच्या फोटोत याचा परिणाम मिठावरच होतो. बारीक कणांचा पोत दाबताना सगळ्यात आधी जातो, त्यामुळे बघणाऱ्याला कळतच नाही की पोत तुमच्या एक्सपोजरने (कॅमेऱ्यात घेतलेल्या प्रकाशाने) घालवला की ॲपने. क्षितिजाचं तेच. एक अंश कल म्हणजे मूळ फाइलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १०५ पिक्सेलचा फरक, पण हातातल्या मोबाइलवर तो मिलिमीटरभर. डोकं खारफुटीत गेलंय हे तेवढं दिसू शकतं, तेही कोणी दोन बोटांनी मोठं करून बघितलं तर.

उपाय आहे: फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग फाइल जशीच्या तशी जाते. मात्र तिच्यासोबत फाइलमधली सगळी माहितीही जाते, लोकेशन चालू असेल तर जागेसकट. घरात काढलेला फोटो असो किंवा एखाद्या पक्ष्याचं घरटं, डॉक्युमेंट करण्याआधी लोकेशन काढून टाका. चोडणच्या खारफुटीतलं घरटं शंभर जणांना नकाशासकट कळलं, तर पुढच्या रविवारी तिथे काय होईल हे सांगायला नको.

दुसरी अडचण गर्दीची. ग्रूपात १०२४ जण बसू शकतात. अभिप्रायासाठी पंधरासुद्धा जास्त. सकाळच्या सुप्रभातांच्या रांगेत कोणाचा अभिप्राय कोणत्या फोटोला, हे संध्याकाळपर्यंत हरवतं. ग्रूपच चालवायचा असेल तर दोनच नियम पाळा. एक, आठवड्याला एका माणसाचा एकच फोटो. दोन, फोटोसोबत प्रश्न हवा. 'कसा वाटला?' हा प्रश्न धरायचा नाही, त्याला 'मस्त' हेच उत्तर आहे. 'माणूस पुरेसा वेगळा उठतो का?' असं विचारलं की बघणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं.

व्हॉट्सॲपची एक खरी ताकद मात्र बहुतेक जण वापरत नाहीत. फोटोचा स्क्रीनशॉट घ्या, त्यावर बोटाने क्रॉपची (कडा कापण्याची) चौकट ओढा आणि मिनिटभराचा व्हॉइस मेसेज जोडून ज्याचा फोटो त्या एकट्यालाच पाठवा. लिहायला जे रुक्ष आणि टोचणारं वाटतं, ते आवाजात मायेचं वाटतं. चौघांत कमीपणा येत नाही, हे वेगळंच.

इन्स्टाग्राम

थोडक्यात: हे दुकानाचं शोकेस आहे. फोटो १०८० पिक्सेल रुंदीचा होतो. आपला आडवा फोटो १०८० × ७२० म्हणजे पाऊण मेगापिक्सेलच्या आसपास उरतो, मूळच्या साधारण एकतिसाव्या हिश्शाइतका. आडव्या फोटोला स्क्रीनवर जागाही कमी मिळते, म्हणून लोक मिठागर उभं कापतात आणि मग त्या पसरट जागेतली मजाच जाते. शिवाय उघड्यावर कोणी दोष काढत नाही, आणि काढूही नये. एका पोस्टमध्ये २० फोटो बसतात, त्यामुळे शिगम्यात वाजतगाजत निघणाऱ्या रोमटामेळाची मालिका लोकांपुढे ठेवायला चांगलं. अभिप्रायासाठी नको.

फ्लिकर आणि सामायिक अल्बम

भेटणं जमत नसेल तर आमच्या मते फ्लिकर अजूनही सगळ्यात योग्य. २००४ पासूनची ही जागा जुनाट दिसते खरी, पण छायाचित्रकाराला जे लागतं ते तिथे आहे. फोटो मोठा करून बघता येतो. शटर, ॲपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ हे फोटो काढतानाचे आकडे शेजारीच दिसतात. खाजगी ग्रूप करता येतो. फुकट खात्यावर १००० फोटोंची मर्यादा आहे आणि त्यातले सार्वजनिक नसलेले फक्त ५० चालतात. ही ५० ची अट खाजगी ठेवायची सवय असणाऱ्यांना लवकरच नडते.

शेजारी दिसणारे ते आकडे का महत्त्वाचे, याचं एक उदाहरण. पणजीच्या शिगमो मिरवणुकीत रात्री काढलेल्या फोटोवर आडवे फिकट-गडद पट्टे दिसतात. आकडे नसतील तर मित्र म्हणतो, 'नॉइज (दाणेदारपणा) कमी कर.' आकडे दिसले तर कळतं की शटर १/५०० सेकंद होतं आणि कॅमेरा सायलेंट मोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर. म्हणजे पट्टे नॉइजचे नाहीत, दिव्यांचे आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. इलेक्ट्रॉनिक शटर चौकट ओळी-ओळीने वाचतं, तेवढ्या वेळात दिवा बदलतो आणि पट्टा पडतो. उपाय: मेकॅनिकल शटर, आणि वेग १/१०० किंवा १/५०. चित्ररथांवरचे एलईडी वेगळ्या गतीने लुकलुकतात, तिथे हा आकडा नेहमीच लागू पडत नाही. मग कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळणारी सोय) असेल तर ते चालू करून दोन-तीन वेगांवर फोटो काढून बघावे लागतात. १/५० वर ढोल वाजवणारा हात हलकासा पुसट होईल. तो पुसटपणा बहुतेक वेळा चांगलाच दिसतो.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना तर हे आकडे हवेतच. करमळीच्या तळ्यावरचं उडतं बदक पुसट आलं, तर फोकस चुकला की वेग कमी पडला, हे नुसत्या चित्रावरून सांगणं कठीण. ५०० मिमी लेन्सवर १/३२० दिसलं की वाद संपतो: आधी १/१६०० च्या पुढे जा, मग लेन्सला नावं ठेवा.

गूगल फोटोजचा सामायिक अल्बम हा याचा सोपा भाऊ. खातं बहुतेकांचं असतंच, फोटोखाली टिप्पणी करता येते. दोन सेटिंग बघा. अपलोड 'मूळ दर्जा'वर ठेवा, कारण जागा वाचवणाऱ्या पर्यायात १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो खाली आणले जातात. आणि अल्बममध्ये लोकेशन दाखवणं बंद करा. फुकटची १५ जीबी ईमेल आणि ड्राइव्हसोबत वाटून घ्यावी लागते. एक जेपेग १० एमबीचा धरला तर सगळी मोकळी असली तरी १५०० फोटोंत भरते. म्हणून अल्बममध्ये सगळं ओतू नका, निवडलेलंच टाका. निवड करणं हाही अभ्यासच.

प्रिंट घेऊन टेबलाभोवती

खर्च आहे, वेळ आहे, एकत्र जमणं आहे. तरीही शिकायचं असेल तर याला तोड नाही, हे आमचं ठाम मत.

आपला मिठागराचा फोटो ८ × १२ इंचांवर छापा. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २४०० × ३६०० पिक्सेल लागतात, ते भरपूर आहेत. आता १२ इंचांत एका अंशाचा कल म्हणजे पाच मिलिमीटर, तो कोणाच्याही नजरेत भरतो. जास्त प्रकाशाने पांढरं पडलेलं मीठ म्हणजे कोरा कागद, त्यावर वादच नाही. आणि डोकं खारफुटीत मिसळलंय हे हातभर अंतरावरूनही दिसतं. मग कोणीतरी म्हणतं, 'खाली बसून काढला असतास तर?' बरोबर. कॅमेरा खाली गेला की जवळच्या माणसाचं डोकं मागच्या रेघेच्या वर, आकाशात उठतं. स्क्रीनवर ही गोष्ट सुचत नाही असं नाही. पण प्रिंट पुढ्यात असला की माणसं थांबतात, आणि थांबली की सुचतं.

लॅबमध्ये जाताना काळजी घ्यायच्या गोष्टी. फाइल एसआरजीबी या रंग-सेटिंगमधली जेपेग द्या. ॲडोबी आरजीबी दिली तर बऱ्याच लॅबमध्ये रंग मेलेले येतात. 'ऑटो करेक्शन नको' हे तोंडाने सांगा आणि पाकिटावर लिहूनही द्या, नाहीतर मशीन सकाळचा निळसरपणा 'सुधारून' टाकतं. मोबाइलचा फोटो ४:३ असतो, ८ × १२ मात्र ३:२, म्हणजे लॅब वर-खाली मिळून अकरा टक्के कापणार. ४:३ साठी ६ × ८ किंवा ९ × १२ मागा. प्रिंट काळपट आला तर लॅबवर चिडण्याआधी स्वतःचा स्क्रीन बघा. पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो कागदावर काळाच येतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणून पुन्हा एडिट करा, ४ × ६ चा एक नमुना काढा, मगच मोठा छापा.

पावसाळ्यात ग्लॉसी प्रिंट एकमेकांना चिकटतात. ओढून सोलले की वरचा थर निघून येतो. मॅट (चकाकी नसलेला) किंवा लस्टर (कमी चकाकीचा) कागद घ्या, दोन प्रिंटमध्ये बटर पेपर ठेवा, सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जेल कॅमेऱ्याच्या डब्यातलंच चालतं, फक्त रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करायला विसरू नका.

बैठकीला सात जण, प्रत्येकी तीन प्रिंट, प्रिंटला पाच मिनिटं: पावणेदोन तास. याहून जास्त माणसं झाली की शेवटच्या प्रिंटांपर्यंत सगळे चहाकडे बघायला लागतात. जागेसाठी हॉल कशाला, घराचं बाल्कांव, म्हणजे दाराबाहेरची बसायची जागा, पुरतं. सकाळी सोप्यावर समोरासमोर बसा. थेट ऊन प्रिंटवर पडू देऊ नका आणि पिवळा बल्ब लावू नका, पिवळ्या उजेडात पिवळी झाक लपते.

पहिली दोन मिनिटं ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड, पण सगळ्यात उपयोगी. बाकीच्यांनी आधी फक्त सांगायचं की नजर पहिल्यांदा कुठे गेली, नंतर कुठे अडली. मग लागतात दोन एल, म्हणजे इंग्रजी L अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या. काळ्या कार्डशीटच्या दोन इंच रुंद पट्ट्यांचे दोन एल कापा, त्यांचे हात प्रिंटपेक्षा लांब हवेत. एक एल वरच्या कोपऱ्यात, दुसरा उलटा खालच्या कोपऱ्यात, आणि दोन्ही सरकवत क्रॉप करून बघा. मिठागराच्या प्रिंटवर खालचा एल दीड इंच वर आणला की पुढचा पांढराफटक ढीग निम्मा जातो आणि माणूस एकदम मोठा होतो. सातही डोकी एकाच वेळी ते बघतात, 'मला वाटतं' म्हणायची वेळ येत नाही. शेवटी प्रत्येकाने एकच बदल सुचवायचा. पाच सुचवले की फोटो तुमचा राहत नाही.

प्रोजेक्टर

तीस-चाळीस जण असतील, व्याख्यान असेल, एखादी मालिका सलग दाखवायची असेल तर प्रोजेक्टर. साध्या फुल एचडी प्रोजेक्टरवर उभा फोटो ७२० × १०८० इतकाच उरतो, आडव्यावर मात्र कृपा असते. त्यामुळे गुण देऊन स्पर्धा घ्यायची असेल तर उभ्या फोटोंवर अन्याय होतो, हे परीक्षकांना आधी सांगा. दुपारी पडदे नीट न लागणाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो आणि खारफुटीचा सगळा नाट्यभाग नाहीसा होतो. फाइलला फक्त क्रमांक द्या, नाव नको. नाव दिसलं की फोटोपेक्षा माणसाला गुण पडतात.

मग कोणी काय घ्यावं

नुकतीच सुरुवात असेल आणि फक्त मोबाइल असेल, तर चार-पाच जणांचा सामायिक अल्बम आणि वर सांगितलेले व्हॉइस मेसेज. तीन महिन्यांनी एकदा ९ × १२ चे प्रिंट. बारा मेगापिक्सेलला ते सहज झेपतात.

पक्षी, फुलपाखरं, बेडूक यांच्या मागे असाल तर फ्लिकर. बारकावे बघायचे तर फोटो मोठा करावाच लागतो, आणि आकडे हवेत.

रस्त्यावरचे, जत्रांचे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचे फोटो काढत असाल तर प्रिंट. इथे चौकटीत काय ठेवलं आणि काय वगळलं यावरच सगळं चालतं. एकत्र जाऊन काढलेले असतील तर आणखी बरं. आषाढातला माशेलचा चिखलकालो सातही जणांनी एकाच दुपारी काढला, त्याच संध्याकाळी प्रत्येकाने पाचच निवडले, की तुलना आपोआप होते. प्रकाश तोच, चिखल तोच, मग फरक कुठे पडला हे लपत नाही. (जादाची लेन्स दोन्ही टोपणांसह पिशवीत, आणि तिथे बदलू नका.) चिखलात खेळणाऱ्या मुलांचे चेहरे असलेले फोटो टेबलावरच ठेवा, उघड्या पानावर टाकण्याआधी घरच्यांना विचारा. पणजीतल्या फोंताइन्यास वस्तीमधल्या दारा-खिडक्यांचंही तेच. तिथले रहिवासी कॅमेऱ्यांना आधीच कंटाळलेत.

कुणी काणकोणला, कुणी सांग्याला, कुणी पेडण्याला राहत असेल तर दर महिन्याला भेटायचा हट्ट धरू नका, तिसऱ्या महिन्यात मोडतो. दोन महिन्यांनी एकदा मडगावला जमा, मध्ये अल्बम चालू ठेवा, आणि अल्बममध्ये ज्या फोटोवर सगळ्यात जास्त मतभेद झाले तेच प्रिंट करून आणा. सगळ्यांना आवडलेले छापण्यात पैसे घालू नका.