अंगणातला सागवानी मांडव : पॉलिश उतरवून तेल लावलं, त्याला चौदा महिने झाले

दापोलीजवळ आमच्या अंगणात सागवानाचा मांडव आहे. खाली झोपाळा, वर कृष्णकमळाचा वेल. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे, म्हणजे वर कडक थर धरणाऱ्या पॉलिशचे, तीन हात दिले होते. दिसायला फार देखणं झालं, पण जुलै सरेपर्यंत पापुद्रे सुटू लागले. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं आणि वरचा कडक थर तेवढा ताण सोसत नाही. एक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि आतच कोंडतं. नखाने उचकटला की पापुद्रा कात निघावी तसा हातात यायचा, खाली काळं, ओलसर लाकूड.

डिसेंबरमध्ये सगळं घासून काढलं, आधी 80 नंबरच्या पॉलिश पेपरने, मग 120 च्या. आठ दिवस गेले, खांदे भरून आले. खिळ्यांभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंडाची सागातल्या टॅनिनशी (लाकडातलं एक तुरट द्रव्य) झालेली प्रक्रिया. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने बरेच गेले (हातमोजे घालायलाच हवेत). खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवले.

मग बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं, बुरशीनाशक आणि तपकिरी रंगद्रव्य असलेलं तेल लावलं. ब्रशने लावायचं, वीसेक मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं. एका खांबावर पुसायचं राहिलं, तिथे महिनाभर चिकट राहून धूळ बसली. तेलाची फडकी मात्र बोळा करून कधीही टाकू नका. सुकताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचो.

झोपाळ्याच्या फळीखाली मुद्दाम नुसतं कच्चं जवसाचं तेल लावून पाहिलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथे बुरशीचे काळे ठिपके उठले, वरची बाजू स्वच्छ होती. आपल्या कोकणातल्या पावसात नुसत्या जवसाच्या तेलावर मी विसंबणार नाही.

पण तेलापेक्षाही मोठा फरक पडला तो खांबांच्या पायथ्याने. आमच्या सुतारकाकांनी स्क्रूड्रायव्हर टोचला, तर एका खांबात तो लोण्यात जावा तसा गेला. गाभ्याबाहेरचा पांढरट भाग होता तो. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, त्या पांढऱ्या भागात नव्हे. चारही खांब खालून चार इंच कापले आणि जांभ्याच्या चिऱ्यावर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) लोखंडी पट्ट्यांचे बूट बसवून दोन इंच उचलले. जांभा स्वतःच पाणी धरतो, म्हणून लाकूड थेट चिऱ्यावर टेकवलं नाही. तुळयांच्या कापलेल्या टोकांना तेलाचे पाच हात दिले. लाकडातल्या नळ्या तिथेच उघड्या पडतात, पाणी सर्वांत जास्त तिथूनच ओढलं जातं. पहिला हात तर बघता बघता जिरला.

तक्रार म्हणाल तर पश्चिमेच्या बाजूचा रंग मे महिन्यातच फिका पडला. वेलाखाली जिथे पानं दाट, तिथे शेवाळ धरलं. नरम ब्रशने निघालं. पावसाळा संपल्यावर वेल छाटला आणि हवा खेळू लागली.

गेल्या आठवड्यात सगळीकडे पाण्याचे थेंब टाकून पाहिले. पूर्वेकडे थेंब मोत्यासारखे उभे राहिले, पश्चिमेकडच्या दोन तुळयांवर जिरून लाकूड गडद झालं. तेवढ्याच दोन तुळया पुसून, वाळवून, एक हात तेल दिलं. दुपारभराचं काम. पॉलिश असतं तर पुन्हा सगळा मांडव घासत बसावं लागलं असतं.