जळगावचं क्लिनिक की पुण्याचा व्हिडिओ कॉल?

लहानपणी मार खाल्ला नाही, खायला-ल्यायला कमी पडलं नाही. तरी आज साहेबांचा आवाज जरा चढला की हातपाय गार पडतात. कुणाला नाही म्हणता येत नाही. बायको नुसती गप्प बसली तरी ‘माझं काय चुकलं?’ सुरू होतं. हे बालपणी मनाला झालेल्या जखमांचं आहे, एवढं ज्यांना कळलंय आणि ज्यांनी मदत घ्यायचं ठरवलंय, त्यांना खानदेशात मुख्यतः दोन वाटा आहेत: जळगाव-धुळ्याला जाऊन समोरासमोर बसायचं, नाहीतर मोबाईलवर पुण्या-मुंबईचा थेरपिस्ट गाठायचा.

निवडीला वाव ऑनलाइनमध्ये जास्त, हे मान्यच. अशा मनावरच्या आघातावर (ट्रॉमावर) काम करण्याचं खास प्रशिक्षण घेतलेली माणसं मोठ्या शहरांतच अधिक. आघातोत्तर तणावासाठी (पीटीएसडी) जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधारे आठवणींवर काम करणारी) या पद्धती सुचवल्या. त्या येणारा माणूस तालुक्याच्या गावी सहज भेटत नाही.

पण कॉल करणार कुठे बसून? रावेर-यावलकडच्या एकत्र कुटुंबात मधल्या खोलीचं दार लावलं की पाच मिनिटांत कुणीतरी चहा घेऊन येतं. ज्याच्याविषयी बोलायचं तोच बाहेर ओट्यावर बसलेला. मग माणूस दबक्या आवाजात अर्धंच बोलतो आणि ‘थेरपीनं काही होत नाही’ म्हणून सोडून देतो. केळीच्या बागेशेजारी गाडी लावून बोलणारेही आहेत. रेंज असेल तर तेही चालतं.

समोरासमोर बसण्यात भीती एकच, कुणी ओळखीचं पाहील. ती खोटी नाही. पण अमळनेरचा माणूस सुरत-भुसावळ लाईनची गाडी धरून जळगावला गेला, तर घरी ‘काम होतं’ एवढं पुरतं. खोलीत काय बोललं गेलं ते गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे. शिवाय बोलता बोलता पाय हलायला लागला, श्वास अडकला, हे समोरच्याला दिसतं. स्क्रीनवर फक्त चेहरा असतो. आणि अहिराणी कळणारं कुणी भेटलं, तर बाप ‘तुले अक्कल शे का?’ म्हणून कसा खेकसायचा, ते त्याच चालीत सांगता येतं.

माझं मत सरळ आहे. जिथे हे घडलं त्याच घरात अजून राहत असाल, तर प्रवास करा. नोकरीला सुरत-पुण्यात एकटे असाल, तर ऑनलाइन पुरेसं. जुनं आठवताना भानच हरपत असेल, तर कुठेही राहा, पण समोरासमोरच बसा.

गोळ्यांचं थोडक्यात: त्यांनी झोप आणि घबराट सावरते, बालपणाचं काम मात्र बोलूनच होतं. झोप पार उडाली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. ओपीडीच्या गर्दीत तासभर ऐकून घेतील ही अपेक्षा ठेवू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६, मोफत आहे, मराठीतही आहे आणि रात्री दोनलाही लागते. पण दर वेळी तोच माणूस फोनवर असेल असं नाही, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या उपचाराची जागा ती घेत नाही.

‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. चांगला माणूस चिडत नाही. पहिल्याच भेटीत ‘सगळं सांगून मोकळे व्हा’ म्हणून कुणी रेटलं, तर दुसरीकडे जा. आधी मन स्थिरावतं, आठवणींना हात नंतर लागतो. आणि फी महिनोन्‌महिने झेपेल अशीच निवडा, कारण चार भेटींत हे उरकत नाही.

सासुरवाशिणींनी एक बघावं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचं म्हटलं की काहींच्या पोटात आठ दिवस आधीच गोळा येतो. त्या आठवड्यातली भेट रद्द करू नका. जायच्या आदल्या दिवसाची आणि परतल्यानंतरची वेळ आधीच मागून ठेवा, आणि माहेरी खोली मिळणार नसेल तर मधल्या दिवसांत घराबाहेर पडून फोनवर बोलता येईल का, तेही तेव्हाच विचारून घ्या.