इंदूरमधलं बालगृह आणि तिथल्या केस वर्कर : आमच्या घरचा अनुभव

संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की पोरांची ओळख निघते आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. म्हणून वयं, शाळा, मोहल्ला सगळं गाळलंय. ज्यांच्या नात्यातलं मूल असं सरकारच्या ताब्यात गेलंय आणि ज्यांना कळत नाहीये की आता पुढे काय, कुणाला विचारायचं, त्यांच्यासाठी लिहितेय.

थोडक्यात सांगते. माझी बहीण वारली, मेहुणे दारूत बुडालेले, आणि एका रात्री माझी भाची आणि तिचा धाकटा भाऊ बसस्टँडवर एकटेच सापडले. कुणीतरी भल्या माणसाने १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. नियम असा की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मूल बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या समितीसमोर, हजर करायचं, ते वेळेत झालं. समितीने भाचीला मुलींच्या बालगृहात पाठवलं आणि भाच्याला मुलांच्या, म्हणजे दोघं शहराच्या दोन टोकांना.

आता बालगृहाबद्दल. जागा स्वच्छ, खाटा-गाद्या नीट, सकाळी पोहे, दुपारी भाजी-पोळी-वरण, गेटवर कॅमेरा, रात्री बाई झोपायला. याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. भेटायला येणारे बरेच जण तेवढं बघून समाधानाने परत जातात, आमचे हे पण म्हणाले की अगं चांगलं आहे की सगळं. पण मूल आत गेल्यावर खरं काम सुरू होतं ते केस वर्करचं, म्हणजे एकेका मुलाची फाइल सांभाळणाऱ्या कार्यकर्तीचं, आणि तिथे आम्हाला एकाच संस्थेत दोन टोकं बघायला मिळाली.

सुरुवातीला ज्या होत्या त्यांचं एकच वाक्य, मूल सुरक्षित आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका. अहो सुरक्षित आहे ते दिसतंय, पण पुढे? कायद्यात लिहिलंय की सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची, म्हणजे समितीला ४ महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता येतो. घरी कोण आहे, मूल का बाहेर पडलं, नातेवाईक सांभाळू शकतात का, हे सगळं त्या अहवालात यायला हवं. आमच्याकडे १५ दिवस उलटून गेले तरी कुणी फिरकलं नाही, विचारलं की फाइल वर गेलीय. आणि मला सगळ्यात लागलं ते हे की भाचीला चष्मा आहे, तो घरीच राहिलेला, आणि ती बिचारी तसंच शाळेत बसत होती, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वही बंद. तिथल्या शिक्षिकेने शेरा मारला की मुलीचं अभ्यासात लक्ष नाही. कुणीतरी पोरीला समोर बसवून नुसतं विचारायचं ना, बाळा तुला काही त्रास आहे का. भावाला भेटायचं विचारलं तर उत्तर, दोन्ही संस्था वेगळ्या, परवानगी लागते. मग ती परवानगी मागायची कुणी? एवढ्याशा पोरांनी?

मग त्या बदलल्या आणि नव्या मॅडम आल्या. वयाने लहानच, पोरी त्यांना दीदी म्हणतात. त्यांनी पहिल्यांदा भाचीचा वैयक्तिक देखभाल आराखडा काढला, फॉर्म ७ म्हणतात त्याला, त्यात तब्येत, शिक्षण, मनाची अवस्था, घरच्यांशी संबंध असे रकाने असतात, आणि तो कोरा होता म्हणजे नावापुरता भरलेला. त्यांनी तिच्यासोबत बसून परत लिहिला. चष्म्याचा नंबर काढून आणला. समितीकडे लेखी अर्ज देऊन बहीण-भावाची दर रविवारची भेट मंजूर करून घेतली, आणि ज्या रविवारी गाडी नव्हती त्या रविवारी व्हिडिओ कॉल लावून दिला. कागद तेच, समिती तीच, अधिकार पण तेच. फरक फक्त काम करणाऱ्या माणसाचा.

होम व्हिजिट कशी असते ते सांगते कारण लोक उगाच घाबरतात. मी आदल्या दिवशी घर घासून ठेवलं, चिवडा केला, पण मॅडमनी फक्त पाणी घेतलं. पोरं कुठे झोपणार, बाथरूमला आतून कडी आहे का, घरात कोण दारू पितं का, मी कामावर गेल्यावर पोरांजवळ कोण, सगळं शांतपणे विचारलं, शेजारच्या काकूंशी पण बोलल्या. आणि मग माझ्या दहावीतल्या मुलाला गॅलरीत घेऊन गेल्या आणि त्याला एकट्याला विचारलं की तुझी खोली वाटून घ्यावी लागेल, आईचा वेळ वाटला जाईल, तुला खरंच चालेल का? तो म्हणाला, चालेल पण बोर्डाची परीक्षा होईपर्यंत टेबल माझं. ते त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. आमच्या डोक्यात पण आलं नव्हतं की याला विचारायला पाहिजे. भाचीच्या वडिलांना पण त्या जाऊन भेटल्या, त्यांना व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला, कारण मॅडमचं म्हणणं, वडील आहेत तोवर ते या फाइलमधून बाहेर काढायचे नाहीत. मला तेव्हा राग आला होता, अजूनही थोडा येतो, पण भाची वडिलांना फोन करते तेव्हा वाटतं मॅडमनी दार बंद केलं नाही ते ठीक झालं.

समितीने शेवटी दोघांना आमच्याकडे दिलं, देखरेखीच्या आदेशासह, म्हणजे मूल घरी आलं की फाइल बंद असं नसतं, अधूनमधून येऊन बघायचं असतं. त्या येतात. शाळेत दाखल्यावरून अडवलं तेव्हा त्यांनीच सरळ सांगितलं की शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. प्रवेश झाला.

जिथे सगळं अडलंय ते पैशाचं. राज्याची बाल आशीर्वाद योजना आई-वडील दोघंही नसलेल्या मुलांसाठी आहे, इथे वडील हयात. उरली मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेची स्पॉन्सरशिप, एका मुलामागे महिन्याला ४,००० रुपये, शहरात घरचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत हवं. आम्ही त्यात बसतो, माझे डबे आणि यांचा पगार मिळून. पण पोरांची नावं वडिलांच्या समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाच्या नोंदीचा नंबर), ती आमच्यात आणल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, झोन ऑफिस म्हणतं वडिलांची सही आणा, आणि वडील सहीला येतील तर ना. मॅडमनी समितीच्या आदेशाची कॉपी लावून पत्र दिलंय. खरं तर समितीचा आदेश असल्यावर सहीसाठी मावशीला फिरवणं हा सरळ अन्याय आहे.

तुमचं कुणी आत असेल तर पहिल्याच भेटीत केस वर्करचं नाव लिहून घ्या, तपासणी अहवाल समितीकडे कधी गेला ते तारखेनिशी विचारा, आराखड्यात तुमच्या मुलाबद्दल काय लिहिलंय ते विचारा. भावंडं असतील तर भेटीचा अर्ज स्वतः द्या, वाट बघू नका. आवाज चढवायची गरज नाही पण लेखी द्या आणि पोच घ्या.

संस्थेला ५ पैकी ३, कारण एका पोरीचा चष्मा माणूस बदलेपर्यंत कुणाला दिसू नये हे चालण्यासारखं नाही. नव्या मॅडमना ५ पैकी ५, आणि त्यांच्या एकटीच्या गळ्यात इतकी मुलं आहेत की अजून दोन माणसं दिली पाहिजेत असं मी भेटवहीत पण लिहून आलेय. समग्रचा अर्ज मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या सरकारी बैठकीत, दिलाय, काय होतं ते इथेच टाकेन.