सत्कार संच: फोटोत झकास, हातात जड

ट्रॉफी आणि स्मृतिचिन्हांच्या दुकानात हल्ली 'सत्कार संच' तयार मिळतो. शाल, श्रीफळ, पगडी किंवा फेटा, हार, चौकटीतलं मानपत्र आणि खोक्यातलं सन्मानचिन्ह. नाव आणि फोटो दिला की दोन दिवसांत सगळं हातात. वाचनालयाची खिडकी वर्षानुवर्षं उघडी ठेवणारे काका, रक्तदान शिबिराच्या याद्या लिहिणाऱ्या आजी, गल्लीचा गणपती आणि सोसायटीची टाकी दोन्ही सांभाळणारे आजोबा यांची पंचाहत्तरी आली की मंडळं हाच संच उचलतात. आमचं मत आधीच सांगतो: शाल निवडून घ्या, पगडी मापाने घ्या, मानपत्र स्वतः करवून घ्या, सन्मानचिन्ह वगळा. हा संच फोटोत चांगला दिसावा म्हणून जुळवलेला असतो. तो धरायचा असतो ऐंशीच्या आसपासच्या हातांनी, याचा विचार जुळवणाऱ्याने केलेला नसतो.

पहिली चूक खरेदीच्याही आधी होते, आकड्याची. 75 वर्षं पूर्ण होणं आणि 75व्या वर्षात पदार्पण करणं यात एक अख्खं वर्ष आहे. दुकानदाराच्या संगणकावर 'अमृतमहोत्सवी वर्षात पदार्पण' हा मजकूर तयारच असतो आणि तो बेधडक छापला जातो. जन्मतारीख घरच्यांकडून घ्या. शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख या पिढीत बऱ्याचदा वेगळ्या असतात. सहस्रचंद्रदर्शनाचंही तसंच. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे 29.53 दिवस धरले तर हजार पौर्णिमांना 29,530 दिवस लागतात, म्हणजे 80 वर्षं आणि साधारण दहा महिने. बरेच जण ऐंशी पूर्ण झाली की उरकून घेतात, त्यालाही हरकत नाही. पण मग मानपत्रात 'हजार पौर्णिमा पाहिलेले' असं ठासून लिहू नका. समोर बसलेल्यांत एखादे निवृत्त गणिताचे मास्तर असतातच.

आता शाल. संचात येते ती बहुतेक वेळा अॅक्रिलिकची, लोकरीसारखी दिसणारी. ओळखायची असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. अॅक्रिलिकची शाल जानेवारीत चालून जाते. एप्रिल-मे महिन्यात बंद हॉलमध्ये, डोक्यावर दिवे आणि शेजारी चार पाहुणे असताना तीच शाल पाऊण तास अंगावर ठेवली की माणूस घामाघूम होतो, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना चक्करही येते. उन्हाळ्यात सुती उपरणं किंवा हलका रेशमी शेला घ्यावा. थोडा जास्त खर्च करायची तयारी असेल तर छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल उत्तम: सूत आणि रेशीम, वजनाला हलकी, दिसायला भारदस्त. सोलापुरी चादर देण्याची पद्धत आम्हाला मनापासून आवडते. ती कपाटात जात नाही, पलंगावर जाते.

लांबी बघा. सत्काराची शाल साधारण दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असते. पाच फुटांच्या, वयाने थोड्या वाकलेल्या व्यक्तीच्या खांद्यावर ती पूर्ण उघडून टाकली की एक टोक पायात येतं, आणि मंचाच्या पायऱ्या उतरताना नेमकं तेच घात करतं. शाल उभी दुमडून, खांद्यावरून समोर समान टोकं येतील अशी घालावी आणि फोटो झाला की शेजारच्या कार्यकर्त्याने ती उचलून घडी करून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीतली आणि कडक इस्त्री केलेली शाल ऐन वेळी उलगडत नाही. ती आदल्या दिवशीच उघडून, टाचण्या काढून ठेवा. टाचणी राहिली तर ती नेमकी मानेला लागते.

पुणेरी पगडी तयार साच्यावर बनवलेली असते, ती सैल-घट्ट करता येत नाही. संचात येणारी पगडी मध्यम मापाची असते आणि ती कपाळावर तरंगते तरी किंवा भुवयांवर उतरते तरी. भुवयांच्या थोडं वर, कानांच्या वरून मागे असा टेप फिरवून डोक्याचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या आणि त्या मापाची मागवा. 2009 साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात पुठ्ठ्यावर सॅटिन चिकटवलेली जी पगडी 'पुणेरी' म्हणून देतात ती नाटकाच्या मंचावर बरी. ज्यांचं आयुष्य शिक्षणात किंवा सामाजिक चळवळीत गेलं त्यांना हल्ली फुले पगडी घालतात. कुठली घालायची हे सत्कारमूर्तींना आधी विचारा. हा प्रश्न चवीचा नाही, विचारांचा आहे, आणि मंचावर नकार ऐकायची वेळ आली तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

फेटा बांधायचा असेल तर श्रवणयंत्राचं लक्षात ठेवा. कानामागे बसणाऱ्या यंत्रावर कापड दाबून बसलं की ते शिट्टी वाजवायला लागतं, वाईट म्हणजे ती शिट्टी माइकमध्येही जाते. मग यंत्र काढून ठेवलं जातं आणि ज्यांच्यासाठी सगळी भाषणं चालली आहेत त्यांनाच ती ऐकू येत नाहीत. फेटा कानाच्या वरून बांधून घ्या किंवा टोपीसारखा तयार फेटा सत्कारापुरता घालून लगेच काढा.

श्रीफळाबद्दल दोनच गोष्टी. चमकी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊ नका, आतला डोळा ओलसर किंवा बुरशी आलेला असला तरी कळत नाही. हलवून पाण्याचा आवाज ऐका. आणि शाल, नारळ, पुष्पगुच्छ, मानपत्र अशी रांग लागते तेव्हा सत्कारमूर्तींच्या डाव्या बाजूला एक माणूस फक्त वस्तू घ्यायला उभा करा. तो नसला की नारळ घरंगळतो, ठरलेलं. हार हलका हवा, एका पदराचा. पाणी मारलेला झेंडूचा जाडजूड हार मानेच्या मणक्याचं दुखणं असलेल्यांना दोन मिनिटंही सोसवत नाही. दम्याचा त्रास असेल तर निशिगंधाचा उग्र वासही नको. सुताचा हार या सगळ्यावर बरा उपाय.

मानपत्राबाबत मात्र संच सपशेल नापास. दुकानाकडे दोन-तीन ठरलेले मजकूर असतात, त्यात फक्त नाव बदलतं. 'दीपस्तंभ', 'आधारवड', 'निष्काम कर्मयोगी' हे शब्द कुणालाही चिकटतात, म्हणून ते कुणाचेच नसतात. मानपत्रात कामाचा तपशील हवा: कुठल्या साली काम सुरू केलं, आठवड्यातून कुठल्या वारी, किती वाजता, कुणाच्या जोडीने. 'दर गुरुवारी पाच ते सात वाचनालयाची खिडकी आपण उघडी ठेवलीत' या एका वाक्यापुढे दहा विशेषणं फिकी पडतात. मजकूर 250 शब्दांच्या आत ठेवा. ठाय लयीत वाचायला अडीच मिनिटं लागतात, त्यापुढे लोक मोबाइल काढतात.

छपाईत काय बिघडतं ते सविस्तर सांगायला हवं. तुम्ही मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवता. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं तुटतात: 'कार्यकर्त्या' मधला रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'तुमच्या'चं 'तुमच् या' होतं, 'ऱ्हास'चा 'र्‍' गळतो. नाहीतर ऑपरेटर सगळं नव्याने टाइप करतो आणि त्याच्या चुका वेगळ्या. म्हणून मोबाइलवर आलेल्या पुसट चित्रावर 'ओके' पाठवू नका. खऱ्या आकारात एक साधी प्रत कागदावर काढून घ्या आणि मजकूर न लिहिलेल्या माणसाला वाचायला द्या. हे शब्द हमखास चुकतात: 'अभीष्टचिंतन' (भी दीर्घ), 'सहस्र' (यात 'त' नाही), 'षष्ट्यब्दिपूर्ती' (साठ म्हणजे षष्टि, म्हणून 'ट', 'ठ' घातला की सहावं होतं). 'सौ.' आणि 'श्रीमती' यांची अदलाबदल घरच्यांना फार लागते. मजकुरात जुन्या सहकाऱ्यांची नावं असतील तर त्यातलं कोण हयात आहे हे दोघांकडून पडताळून घ्या. जिवंत माणसाच्या नावामागे 'कै.' छापल्यावर चौकट बदलून देण्यावाचून गत्यंतर नसतं.

चौकटीला काच नको, अॅक्रिलिक शीट लावून घ्या. ए-थ्री आकाराला 2 मिलिमीटर काचेचंच वजन 600 ग्रॅमच्या वर जातं, त्याच जाडीचं अॅक्रिलिक त्याच्या निम्मं भरतं. चकचकीत लॅमिनेशनवर मंचाचे दिवे परावर्तित होतात आणि फोटोत मानपत्राच्या जागी पांढरा डाग येतो, मॅट सांगा. अक्षरं 18 पॉइंटांच्या खाली नकोत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक टाइप वाचवत नाही. स्वतःचं मानपत्र स्वतःला वाचता यावं, एवढी तरी अपेक्षा गैर नाही.

सन्मानचिन्ह. 'क्रिस्टल' म्हणून मिळते ती भरीव काच. 20 बाय 12 बाय 3 सेंटीमीटरचा ठोकळा 720 घन सेंटीमीटरचा, म्हणजे सुमारे 1 किलो 800 ग्रॅम. संधिवाताच्या बोटांत तो गुळगुळीत ठोकळा ठरत नाही. तळाची पट्टी गोंदाने चिकटवलेली असते आणि वरचा भाग धरून उचललं की कधीतरी खालचा सुटतो. त्यापेक्षा एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) धातूची पट्टी लावलेलं चिन्ह हलकं. पण कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगतात. लेझरने कोरलेल्या देवनागरीत बारीक रेषा तुटतात, म्हणून नाव जाड टाइपात, किमान 8 मिलिमीटर उंचीचं घ्या. हे सगळं सांभाळूनही वस्तू जाते कुठे? शोकेसमध्ये, आधीच्या वीस चिन्हांच्या मागे. त्याच पैशात त्यांच्या वाचनालयातल्या बाकाला पितळी पट्टी बसते.

संचाबरोबर काही दुकानं मंचव्यवस्थाही देतात. त्यात लग्नाच्या स्टेजवरची ती सोनेरी सिंहासनासारखी खुर्ची येते. बैठक खोल आणि मऊ, त्यामुळे पाठ टेकली की पाय अधांतरी आणि पाय टेकवले की पाठ अधांतरी. गुडघे बदललेल्या माणसाला त्यातून उठायला दोन माणसं लागतात. 45 ते 50 सेंटीमीटर उंचीची, हातांची, कडक बैठकीची साधी खुर्ची मागा. पायऱ्यांना एका बाजूला कठडा हवाच.

सत्कारमूर्तींची तुला, म्हणजे त्यांच्या वजनाइतक्या वस्तूंचं दान, करायची हौस असेल तर वह्यातुला बरी. 200 पानी वही साधारण पाव किलोची धरा, म्हणजे 60 किलोंना 240 वह्या लागतात. एक वही दुकानातल्या काट्यावर ठेवून खात्री करून घ्या. मांडी घालता येत नसेल तर पारड्यात खुर्ची येते आणि तेवढंच वजन दुसरीकडे आधीच टाकावं लागतं. हे विसरलं की वह्या अपुऱ्या पडतात आणि मग कुणीतरी विटा शोधत फिरतं. माणूस बसेपर्यंत पारड्याखाली लाकडी ठोकळा हवा, नाहीतर ते झुलतं. रक्ततुलेत, म्हणजे वह्यांऐवजी रक्तदान असेल तर, पिशव्या मंचावर मांडायच्या नसतात, त्यांना थंड पेटीतून रक्तपेढीत जायचं असतं. 75 पिशव्यांचा संकल्प असेल तर नावं 75 हून बरीच जास्त घ्या: हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली, वजन 45 किलोंच्या खाली किंवा वय 65 च्या वर, अशी माणसं परत पाठवावी लागतात, आणि मंडळातले निम्मे कार्यकर्ते वयातच बाद होतात.

75 दिव्यांचं औक्षण देखणं दिसतं. एक दिवा 20 ग्रॅम कणकेचा धरला तर दीड किलो कणीक लागते. फुलवाती आदल्या रात्रीच तुपात मुरवून ठेवा. एकाच माणसाने सगळे लावायचे म्हटलं तर शेवटचा लागेपर्यंत पहिले विझू लागतात. चौघांनी चार बाजूंनी सुरुवात करावी. पंखे आधी बंद. आणि सत्कारमूर्ती प्राणवायूच्या नळीवर असतील तर एकही ज्योत जवळ नको, विजेचे दिवेसुद्धा तितकेच शोभतात.

संचाबाहेरची एक गोष्ट मात्र मनापासून सुचवाविशी वाटते: टपाल खात्याची 'माय स्टॅम्प' सेवा. आपण दिलेला फोटो छापलेली बारा तिकिटांची पत्रिका मिळते आणि ती तिकिटं टपालाला चालतात. महर्षी कर्वे 1958 मध्ये शंभर वर्षांचे झाले तेव्हा सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं होतं, तेही त्यांच्या हयातीत. त्या मापाचा मान कुणाला मिळायचा नाही, पण आजोबांच्या फोटोचं तिकीट लावून नातवंडांनी त्यांनाच पत्र धाडलं तर ते पत्र फ्रेमपेक्षा जास्त वेळा बाहेर काढलं जातं. फोटो आणि ओळखपत्र लागतं. मुख्य टपाल कार्यालयात आधी चौकशी करा.

थैली द्यायची असेल तर रोख नको, धनादेश. आणि तो कुणाच्या नावाने काढायचा हे आधी खासगीत विचारून घ्या. अशी माणसं थैली हातात ठेवून घेत नाहीत, स्वतःची भर घालून संस्थेलाच देतात. त्यामुळे संस्थेचं पावतीपुस्तक आणि पेन घेऊन खजिनदाराने मंचाजवळच बसावं.