शेतीवरच्या निवासी केंद्रात काम शिकणं : भावाला तिथे ठेवल्यानंतरचा आमचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाची उदासी तर कधी अति उत्साह असा मनाचा आजार. ऐन विशीतली त्याची बरीच वर्षं दवाखाना, गोळ्या, घरी बसणं आणि परत दवाखाना यातच गेली. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आम्ही त्याला लातूर-अंबाजोगाई पट्ट्यातल्या एका निवासी शेतीकेंद्रात ठेवलं. दिवाळीनंतर तो घरी आला. आता घरीही एक खरीप हंगाम पार पडलाय, म्हणून लिहिते आहे. केंद्राचं नाव देत नाही. अशा ठिकाणी काय बघावं, ते आपल्याकडच्या लोकांना कळावं एवढंच मनात आहे.

राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यातल्या घराला ती सगळीच लांब. जिल्हा रुग्णालयात औषध मिळतं. पण औषध लागू पडल्यावर माणसाने सकाळी उठून करायचं काय, याचं उत्तर चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. आम्हाला ते या केंद्रात सापडलं, कारण तिथलं काम खरं आहे. वेळ जावा म्हणून तिथे कुणाच्या हातात काही देत नाहीत. उस्मानाबादी शेळ्यांचा कळप आहे, केसर आंब्याची रोपवाटिका आहे, गांडूळ खताचे वाफे आहेत, आणि हे सगळं विकलं जातं. शेळीला वेळेवर पाणी नाही मिळालं तर ती ओरडते. मग कुणाला रागवावं लागत नाही, समजवावंही लागत नाही. पहिले काही आठवडे भावाकडे तेवढं एकच काम होतं : सकाळी दावणीला पाणी. ते अंगवळणी पडल्यावर चारा, मग करडांची वजनं, मग वजनाची वही. घाई कुणीच केली नाही. ज्या दिवशी उठवत नसे त्या दिवशी दुसरा कुणी पाणी पाजायचा, आणि दुसऱ्या दिवशी काम परत त्याच्याकडेच यायचं. काढून घेतलं नाही, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली.

पावसाळ्यात आंब्याची कोय कलमं बांधायची होती, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडायची. कोवळ्या तांबूस रोपाला चीर द्यायची, तेवढ्याच जाडीच्या काडीला पाचरीसारखा काप घ्यायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. भावाचे हात लिथियममुळे, म्हणजे या आजारावरच्या त्याच्या गोळीमुळे, बारीक थरथरतात. चाकू जमेना. तिथे काम शिकवणाऱ्या काकांनी चाकू बाजूला ठेवला आणि त्याला काड्या निवडायला बसवलं : तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी. त्याची नजर चांगली आहे. पुढे काड्या निवडायचं काम त्याच्याकडेच राहिलं. थरथर वाढते का याची नोंदही काकाच ठेवायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. शिकवणारा माणूस आणि औषध देणारा माणूस एकमेकांशी बोलतात का, हे मी आता सगळ्यात आधी विचारेन.

त्याला खरं लागलं ते मात्र सोयाबीनच्या उगवण चाचणीचं वेड. बारदानाचा तुकडा ओला करायचा, दहा-दहा बियांच्या दहा ओळी लावायच्या, वर ओला तुकडा टाकून गुंडाळायचं आणि सावलीत ओलसर ठेवायचं. चार-पाच दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. शंभरात सत्तर आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं पेरायचंच नाही. यात ताकद लागत नाही, बारकाई लागते आणि पाच दिवस धीर धरावा लागतो. उदासीतून वर येणाऱ्या माणसाला पाच दिवसांनी नक्की काहीतरी दिसणार आहे, याचं मोल मला त्याच्याकडे बघून कळलं.

उन्हाबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. लिथियमवर असलेल्या माणसाला खूप घाम आला, पाणी-मीठ कमी पडलं, की औषधाची रक्तातली पातळी चढते. उलट्या, जुलाब, झोक जाणं, थरथर एकदम वाढणं ही धोक्याची लक्षणं. आपल्या चैत्र-वैशाखात हे सहज घडू शकतं. केंद्रात उन्हाळ्यात शेतातलं काम सकाळी लवकर उरकायचे, दुपारी सावलीतलं काम द्यायचे, आणि उन्हाळ्यात रक्ताची तपासणी जास्त वेळा करायचे. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणायची तिथे सक्त मनाई होती, कारण या गोळ्यांनीही लिथियम चढतं. स्वतःच्या मनाने मीठ बंद करणंही तितकंच वाईट. ज्या केंद्राला हे माहीत नाही, तिथे शेतीकामाला माणूस पाठवू नका.

आता तक्रारी. मोबदला मिळतो, पण दर लेखी मिळवायला आम्हाला पाठपुरावा करावा लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे : सक्तीने काम करून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. हे सांगितल्यावर कागद मिळाला. संगणकाचा वर्ग नावापुरता होता. महिला विभागात शिवण आणि पापड, शेळ्या नाहीत, रोपवाटिका नाही. एका ताईला कळपात जायचं होतं, ती कुंपणापाशी उभी राहून करडं बघायची. याचा मला अजून राग येतो. बायकांना शेती नवी नाही. आपल्याकडची अर्धी खुरपणी त्यांच्याच हातची.

सगळ्यात मोठी उणीव निरोपाच्या दिवसाची. औषधांची यादी आणि प्रमाणपत्र हातात मिळालं, पण घरी आल्यावर कामाचं काय, यावर कुणी बसून बोललं नाही. पहिला महिना अवघड गेला. तो पहाटे उठायचा आणि उठून करायला काही नसायचं. मग आईने दोन शेळ्या घेतल्या. त्यातली एक गाभण होती, आणि दावणीचं वेळापत्रक परत सुरू झालं. मृगाच्या आधी गावातले लोक घरचं बियाणं घेऊन त्याच्याकडे यायला लागले. आमच्या ओसरीवर बारदानाच्या गुंडाळ्या, प्रत्येकीवर शेतकऱ्याचं नाव. एका काकांचं बियाणं साठच्या खाली निघालं, त्यांनी ते पेरलं नाही आणि भावाला घरी बोलावून जेवू घातलं.

आजार गेलेला नाही. गोळ्या चालू आहेत. श्रावणात एकदा झोप कमी झाली, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा बदलली.

ज्याचा आजार अजून पेटलेला आहे, त्याला अशा केंद्रात नेऊ नका, आधी दवाखाना. कुणाशी बोलावं हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आणि केंद्र बघायला जाल तर सकाळी कामाच्या वेळी जा. वजनाची वही मागा, मोबदल्याचा कागद मागा, घरी परतल्यावर महिनाभर फोन कोण करणार ते नावानिशी विचारा.